तांबीचा घावन

गजा मुकादम वहाणांसकट आमच्या ओटीवर चढला, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. ओटी मी सकाळीच सारवलेली, शेण अजून ओलं. त्यावर ह्या बाबाच्या वहाणांचे ठसे उमटले, आणि माझा धाकटा भाऊ सदू, घरचा कर्ता पुरुष, ते ठसे बघून हसला. हसला हो! जसं काय गौरीची पावलंच उमटली.

आमच्या गोदाला बघायला आला होता तो. गोदा म्हणजे सदूची एकुलती पोर, माझी भाची. आणि हा गजा बोरघाटात आगगाडीच्या रुळांवर राबणाऱ्या माणसांचा मुकादम. राहायला खोपोलीला. पहिली बायको त्यानं लग्नाच्या वर्षातच माहेरी नेऊन घातली. का, तर म्हणे तिच्या हाताला चव नाय. ती बिचारी तिथंच झुरून मेली. आमच्या कळंबपासून खोपोलीपर्यंत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. सदूलाही ठाऊक होती. पण पाणवठ्यावर बायका 'सदूची पोर घोडनवरी झाली' म्हणायला लागल्या, आणि ह्याच्या मनानं घेतलं की साहेबाच्या पगारावरचा जावई चालून आलाय, सोडायचा नाय.

मी म्हटलं, "सदू, डोळे फुटले का रं तुझे?"

तर म्हणतो, "बाय, तू नको मधी पडू."

मी मधी पडू नको! गोदाची आई बाळंतपणात गेली, तेव्हा मधी कोण पडलं होतं? नवऱ्यानं टाकलेली मी बाई, सासरहून उठून आले आणि कापसाचा बोळा तांबीच्या दुधात भिजवून ह्या पोरीच्या तोंडात पिळला. तांबी म्हणजे आमची गाय. तिच्या दुधावर गोदा जगली, नायतर आईच्या मागोमाग गेलीच होती. बायकोच्या तेराव्याला सदूनंच अंगणात उभं राहून सांगितलं होतं, "हिनं माझी पोर वाचवली. ह्या घरात पहिला वाटा हिचा." तेव्हापासून पाहुणा येवो नायतर मामलेदार येवो, तव्यावरचा पहिला घावन तांबीचा. रिकामा, सारण न घालता, पळसाच्या पानावर ओटीच्या कडेला निवायला ठेवायचा. तांबी अंगणातून येते, मान वर करते आणि खाते. मग आमी जेवतो. आता ती म्हातारी झालीय, दात गेलेत, दूध कधीच आटलं. पण घावन मऊ असतो, तिला चावता येतो.

मुकादमाचा निरोप आधीच आला होता. 'मुलगी मागनं बघू. आधी तिच्या हातचे भरले घावन खाऊ.' जसा काय हा गावोगाव जेवून चव ठरवणारा राजाच लागून गेला!

गोदानं आदल्या रात्रीच वाल मोड आणून, सोलून ठेवलेले. सकाळी तिनं त्यांचं बिरडं केलं, कांदा, ओलं खोबरं, हिरवी मिरची घालून, चांगलं सुकं. तांदूळ वाटले, पीठ पातळ केलं. बिडाचा तवा चुलीवर चढवला. नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवली.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "मुद्दाम करपवू का?"

"करपव की," मी म्हटलं.

"मग बाबाची मान खाली जाईल."

तिनं पीठ ओतलं. कडेपासून मधोमध, एका दमात. तवा चरचरला, घावनाला जाळी पडली. बारीक, एकसारखी. करपवायचं तिच्या हाताला जमलंच नसतं.

बाहेर मुकादम बंडीतलं साखळीचं घड्याळ काढून वेळ बघत होता. दर दोन वाक्यांमागे एकदा. "नेरळची गाडी चुकता कामा नये. माझ्याशिवाय तिकडं एक खिळा हलत नाय." सोबत त्याचा मामा होता, मोरू. त्याचं काम नुसतं मान हलवणं. ते मात्र त्यानं मन लावून केलं. आणि सदू चंचीतली सुपारी मुठीत धरून बसला होता, बोलणी जमली की फोडायला. घाम फुटला होता त्याला. भर माघात.

मी पहिला घावन पानावर घेतला आणि ओटीच्या कडेला नेऊन ठेवला. तांबी अंगणात उठून उभी राहत होती. तिला उठायलाही आताशा वेळ लागतो.

मुकादमानं हात लांब केला आणि पान पुढ्यात ओढलं.

"अहो, तो तांबीचा!" मी ओरडले. "तुमचा येतोय, भरून येतोय."

"कोण तांबी?"

"गाय हाय आमची," सदू म्हणाला. आवाज कसला तो, मांजराचा. "पहिला तिचा असतो."

"मुकादमाच्या आधी गाय जेवते होय तुमच्यात?" तो हसला, मोरूमामा हसला. आणि ह्यानं घावनाचा लचका तोडून तोंडात घातला. "सारण कुठाय? रिकामाच वाढता?"

सदूनं त्याला सांगितलं. गोदाची आई, बाळंतपण, बोळा, दूध, सगळं. वाटलं असेल त्याला की ऐकून माणूस ओशाळेल. ओशाळायला आधी माणूस असावं लागतं. मुकादमानं उरलेला घावन गुंडाळून एकदम तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडानं म्हणाला,

"म्हणजे सासूचाच वाटा की! जावयानं खाल्ला, बिघडलं काय?"

मामाची मान जोरजोरात हलली.

तांबी तोवर ओटीपाशी पोचली होती. तिनं मान वर केली, रिकामं पान हुंगलं, आणि तशीच उभी राहिली. हंबरली नाय, काय नाय. दारात गोदा भरल्या घावनांची ताटली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि दोन्ही हात ताटलीत अडकलेले, पुसायचं कशानं?

मुकादमानं ताटलीतला एक उचलला, उघडून बघितला. "सारण बेताचंच भरलंय. आधीच सांगून ठेवतो. बाईमाणसानं हात आखडला की मी माहेरची वाट दाखवतो."

मी सदूकडं बघितलं. जन्मात त्याच्यावर इतकी चिडले नव्हते मी. आता जर हा हसला असता, तर देवाशपथ, चुलीतलं लाकूड आणून त्याच्या टाळक्यात घातलं असतं.

सदू हसला नाय. त्यानं मूठ उघडली, सुपारी बघितली, चंचीत टाकली आणि चंचीची दोरी ओढून गाठ मारली.

"गोदे," तो म्हणाला, "रिकामा ओत. तांबी थांबलीय."

गोदा आत गेली. तवा पुन्हा चरचरला. मुकादम हातातला घावन तसाच धरून बसला. कुणी त्याला 'खा' म्हणेना. नवा घावन आला, सदूनं तो स्वतः निववला, फुंकर मारून, आणि हातानं तांबीला भरवला. शेवटचा तुकडा तिच्या जिभेवर गेला तेव्हा कुठं तो वळला.

"मुकादम, घड्याळ बघा. गाडी चुकंल तुमची."

"बोलणी व्हायचीत अजून," मोरूमामा पहिल्यांदाच बोलला.

"झाली," सदू म्हणाला.

गेले दोघं. धूळ उडवत, शिव्या घालत, घोडनवरीला आता कोण पत्करतो ते बघतो म्हणत. बघ की, जन्मभर बघत बस! मी ओटी पुन्हा सारवली. ठसे बुजले तेव्हा जिवाला बरं वाटलं.

आत गेले तर गोदा पाटावर बसलेली आणि चुलीपुढे सदू. उभ्या आयुष्यात ह्या माणसानं तव्याला हात लावला नव्हता. पोरीसाठी घावन ओतत होता. जाड, फाटका, एका बाजूला कच्चा, सारण सगळं बाहेर. गोदा रडत रडत हसत तो सगळा खात होती.

असला घावन मी गजा मुकादमालासुद्धा वाढला नसता. पण मी पान घेतलं आणि पोरीच्या शेजारी बसले, दुसऱ्या घावनाची वाट बघत.