फळ्यांमधला दोरा

मास्तरांनी आयुष्यात एकदाही होडीत पाय ठेवला नव्हता, आणि त्यांची बायको होड्या बांधायची.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. बायकोच्या होड्यांची शिडं तेच शिवत, पण त्यांची मापं मात्र धक्क्यावर उभं राहून, मान लांब करून घेत. बायकोला लहानथोर सगळे काकू म्हणत. "आमचे हे पाण्याला इतके भितात," काकू सांगायच्या, "की आंघोळसुद्धा दाराची कडी न लावता करतात." यावर मास्तरही हसत. खोटं काही नव्हतंच त्यात.

काकूंनी बांधलेली पहिली होडी नदीकाठच्या होड्यांच्या संग्रहालयात होती. लग्न नवीन असताना दुकानामागच्या खोलीत ती बांधली, आणि बाहेर काढायला खिडकी चौकटीसकट उचकटावी लागली. पुढे संग्रहालयाने ती मागून घेतली आणि मोठ्या दालनात दोरांनी टांगून ठेवली. तेव्हापासून ती लोकांच्या डोक्यावर तरंगत होती, पाण्यावर नाही.

दरवर्षी संग्रहालयाच्या अंगणात लाकडी होड्यांचा दोन दिवसांचा मेळावा भरे. यंदा संग्रहालयाच्या संचालकांनी ठरवलं, की काकूंची होडी खाली उतरवायची, पहिल्या दिवशी पाण्यात सोडायची आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी ती वल्हवायची. काकूंनी आधी आढेवेढे घेतले. त्यांचा उजवा खांदा धरला होता, होड्या बांधायच्या कारखान्याला केव्हापासून कुलूप होतं.

"बघू दे एकदा तिला पाण्यात," शेवटी त्या मास्तरांना म्हणाल्या. "नीट चालली, तर समजेन की हाताला काही येत होतं. नाही चालली, तर हत्यारं देऊन टाकीन कुणाला तरी. नुसती गंजतायत."

ते वाक्य मास्तरांच्या मनातून जाईना.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी होडी दालनात लाकडी घोड्यांवर उतरवून ठेवली होती. दारातून तिरपं ऊन येत होतं आणि फळ्यांच्या फटींमधून आरपार जाऊन फरशीवर पट्टे काढत होतं. खुर्च्या मांडणाऱ्या दोघांनी ते पाहिलं.

"अरे, ही होडी आहे की चाळणी?"

"उद्या दगडासारखी खाली जाणार बघ."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. काकू बाहेर अंगणात कुणाच्या तरी कनूच्या, म्हणजे हलक्या निमुळत्या होडीच्या, पोटाखाली वाकून गप्पा मारत होत्या. मास्तरांच्या पिशवीत शिडाचा मेण लावलेला दोरा होता आणि बोथट दाभण होतं. दोघंजण खुर्च्या आणायला गेले तशी मास्तरांनी होडीशी बैठक मारली. एकेका फटीत दोरा घालायचा, दाभणाने आत दाबायचा, टोक आत दडवायचं. टाका दिसू न देणारं लपवटिपेचं काम त्यांच्यासारखं कुणाला जमत नसे. ऊन जायच्या आत फरशीवरचा एकूण एक पट्टा नाहीसा झाला. त्या रात्री त्यांना फार छान झोप लागली.

सकाळी अंगण फुलून गेलं होतं. अख्ख्या खोडातून कोरलेल्या जाड डोण्या, कागदासारख्या पातळ कनू, मधाच्या रंगाची वल्ही, तेलाचा आणि ओल्या भुशाचा वास. एक मिशीवाला गृहस्थ आपली कनू डोक्यावर पालथी घेऊन हिंडत होता आणि पुढचं काही न दिसल्यामुळे सगळ्यांची माफी मागत होता. प्रत्येक होडीपाशी तिचा बांधणारा उभा, आणि दुसऱ्याच्या होडीवरून हात फिरवल्याशिवाय कुणाला पुढे जाववत नव्हतं.

काकू आपल्या होडीपाशी लोकांना सांगत होत्या, "हिची प्रत्येक फळी खालच्या फळीच्या कडेवर चढवलेली आहे, छपरावरच्या कौलांसारखी. मध्ये काही भरलेलं नाही. सुकली की फटी पडणारच. एक दिवस पाण्यात ठेवली की लाकूड फुगतं आणि फट आपोआप मिटते."

"मग आधीच काही भरलं तर?" कुणीतरी विचारलं.

"मग वाटच लागली. लाकडाला फुगायला जागा नको? जागा नाही मिळाली की फळी खिळ्यातून उपटून निघते, नाहीतर आतली बरगडी मोडते. मग ती होडी फक्त जळणाची."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात संचालकांनी हात वर केला. दोन्ही बाजूंनी माणसं लागली आणि होडी उचलून उताराकडे निघाली. मास्तर मागून म्हणाले, "थांबा." दुकानात गिऱ्हाइकाला हात वर करायला सांगतात तेवढाच आवाज. टाळ्यांमध्ये तो कुणाला ऐकू जाणार? ते पुन्हा म्हणाले. मग पळाले. पाण्याच्या कडेला होडी टेकवून माणसं दम खात होती, तिथे ते घुसले आणि एक पाय, मग दुसरा पाय टाकून होडीत चढून मधल्या बाकावर बसले. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी बाक धरलेलं.

टाळ्या थांबल्या.

"अहो," काकू म्हणाल्या, "हे काय?"

"हिला पाण्यात नको घालूस. मी दोरा भरलाय."

"कशात?"

"फटींत. काल संध्याकाळी. ते दोघं चाळणी म्हणाले तिला."

काकूंनी फळ्यांच्या जोडावरून नख फिरवलं.

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"एकदा विचारायचं तरी मला."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तेवढं कळत होतं!" काकू म्हणाल्या. मग संचालकांकडे वळल्या. "जरा उशीर होईल, साहेब. आमच्या होडीत दोरा निघालाय. आणि टेलरही."

हशा पिकला. मास्तरांनी डोळे उघडले तेव्हा मिशीवाला आपली कनू खाली ठेवून होडीखाली शिरला होता. कुणी चिमटे आणले, कुणी टाचण्या. मास्तरांच्या खिशात शिवण उसवायची आकडी होती. ते आतून आणि काकू बाहेरून, असे दोघं समोरासमोर बसून कामाला लागले.

दोरा काढताना मास्तर पहिल्यांदाच होडी इतक्या जवळून पाहत होते. काल भरायच्या घाईत नजर फक्त फटीवर होती. आता त्यांना खिळे दिसले. तांब्याचे, ठोकून गोल केलेले, सुपारीएवढ्याही नाहीत अशा टिकल्या, फळीच्या कडेने ओळीत गेलेल्या. दोन खिळ्यांमधलं अंतर कुठेही कमी नाही की जास्त नाही. फळी वळली तिथे ओळही वळली होती, पण सुरकुती नव्हती. गळ्याच्या वळणावर कापड चुणी न पडता बसवायला मास्तरांना किती कपडे वाया घालवावे लागले होते! आणि हे लाकूड होतं. बायकोला शिकवायला कुणी नव्हतं, आणि भिंतीपलीकडे आपण मशीन चालवत बसलो होतो.

"अगं," ते हळूच म्हणाले, "एकही टाका चुकलेला नाही."

"टाका नाही, खिळा."

"टाकाच आहे. मला विचार."

काकूंनी मान खाली घातली आणि जरा जोरातच दोरा ओढला.

होडी पाण्यात गेली ती भरली, आणि काठ तेवढे वर राहिले. बघणारे हळहळले. "पिऊ दे तिला," काकू पायरीवर बसत म्हणाल्या. मास्तर संध्याकाळपर्यंत त्यांच्याशेजारी बसून होते, दवाखान्याबाहेर नातेवाईक बसतात तसे.

दुसऱ्या दिवशी पाणी उपसलं, तर आत नवं पाणी येईना. कुठेशी एक बारीक धार होती, तेवढीच. फळ्या अशा मिटल्या होत्या की नखही शिरेना. संचालकांनी टोपी काढून हातात घेतली. काकू वल्ह्यांवर बसल्या.

"डबा घेऊन कुणीतरी बसायला हवं," त्या म्हणाल्या. मिशीवाला पुढे झाला. "तुम्ही नाही. ज्यांनी दोरा भरला ते."

लोकांनी वाट करून दिली. मास्तर बसले, एका हाताने काठ धरून, दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसू लागले. मान वर करायची नाही असं त्यांनी ठरवलंच होतं. उपसता उपसता डबा कोरड्या लाकडावर खरखरला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. धक्का काडेपेटीएवढा दिसत होता आणि त्यावर माणसं हात हलवत होती.

"अगं, कुठं आलो आपण?"

"मधोमध." काकूंना धाप लागली होती, खांदा दुखत असणार, पण वल्ह्यांचा ताल मोडला नव्हता.

"परत फिर."

"फिरते. आधी मापं घ्या. हिला शीड कधी केलंच नाही आपण. पुढच्या बाकाला डोलकाठीचं भोक मी पाडते या आठवड्यात. गंजलेली पटाशी घासायला घ्यायला हवी."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, मग खिशातली टेप आठवली. ती काढायला त्यांना होडीचा काठ सोडावा लागला.