कुलूप काढलेला फोन

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. माझी काच तडकली आहे आणि पाठीवर लाल पट्टी आहे: 'फक्त तपासणीसाठी'.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या आत एक कुलूप होते. खुद्द मालकालाही ते सगळीकडे फिरू देत नसे. मंक्टन शहरात ओडेट कॉर्मिए हिने ते काढले. ॲप सुरक्षित आहे की नाही हे तपासणे तिचे काम. तेव्हापासून कुलूप नाही हे ओळखून बँकांची ॲप मला दारातूनच परत पाठवत. मला लाज वाटे.

या हिवाळ्यात इन्सुलिनच्या पंपाचे ॲप आले. रुग्णाला डोस किती द्यायचा, ते त्यावरून ठरे. त्यानेही मला अडवले. ओडेटने ॲपमधला मला ओळखणारा तो भागच गप्प केला आणि मी आत शिरलो. तिने अहवालात लिहिले, 'गंभीर त्रुटी'.

तिचा वरिष्ठ गॉर्डी म्यूस हसला. "अगं, स्वतःच्याच घराचं कुलूप काढायचं आणि चोर चोर ओरडायचं? नुकसान कुणाचं झालं, ते सांग."

"पण ॲप फसलं ना!"

"फसलं. एक अडसर गेला, एवढंच. ही त्रुटी नव्हे. किरकोळ उणीव आहे."

"माझे बाबा हाच पंप लावतात, गॉर्डी."

त्याचे हसू मावळले. "मग आत काय आहे ते बघ."

टेबलावर चाचणीचे दोन पंप होते, दोन बनावट रुग्णांच्या नावाने. ओडेटने माझ्यावरून पहिल्या रुग्णाच्या नावाने प्रवेश केला, पण हुकूम पाठवताना क्रमांक दुसऱ्याच्या पंपाचा घातला. डोसची मर्यादा तिप्पट केली. दुसऱ्या पंपाने टुणकन आवाज करून ती मान्य केली! मग तिने मला बाजूला ठेवले आणि तोच हुकूम साध्या लॅपटॉपवरून धाडला. तोही चालला. पंप बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरने कुणालाच काही विचारले नाही.

तिने लगेच फोन लावला. "बाबा, दवाखान्याला विचारा आणि आजपासून पंप काढून सुईवर जा."

"आत्ता? मी जेवायला बसलोय, पोरी."

"आत्ताच!"

हे कळवल्यावर कंपनी म्हणाली, "असल्या फोनवर आमचं ॲप चालतच नाही. धोका कसला?"

गॉर्डी कडाडला, "तुमचं ॲप म्हणजे चोराच्याच घरात उभा केलेला पहारेकरी, साहेब! चोर त्याला विचारतोय होय?"

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. दुसऱ्या कुणाला हे सापडले तर, या धास्तीने मी रोज कुढत होतो. दहाव्या दिवशी सर्व्हरने माझा हुकूम नाकारला. नकाराचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. बाबांचा पंप पुन्हा सुरू झाला.

मित्रांनो, मला दारात खुशाल अडवा. पण अडवले म्हणून निर्धास्त राहू नका. आत आलेल्या प्रत्येक हुकमाला विचारा, तू कुणाचा, आणि हा रुग्ण तुझा कोण?