रोज नऊला आईचं स्वप्न

कमळबाईंना पडायची तसली स्वप्नं अख्ख्या पेण तालुक्यात दुसऱ्या कोणाला पडत असतील असं वाटत नाही. तुम्हाआम्हाला पडतात ती परीक्षेची, नाहीतर देवळाबाहेर चप्पल हरवल्याची. कमळबाईंच्या स्वप्नात मांडव्याची लाँच भाताच्या खाचरातून हळूहळू यायची, वर छत्र्या उघडून बसलेले उतारू, आणि त्यातला एक जण वाकून विचारायचा, "मावशी, गेटवे आलं का?" त्या त्याच्या हातावर गरम भाकरी ठेवायच्या आणि लाँच पुढे निघून जायची. एकदा तर मिठाच्या राशीवर चांदणं उगवलं होतं आणि त्या ते सुपात गोळा करत बसल्या होत्या. सूप भरत नव्हतं आणि त्यांना त्याची घाईही नव्हती.

खाडीकाठच्या त्या घरात दोघीच राहायच्या, कमळबाई आणि त्यांची मुलगी मृणाल. घरधनी अंबाजी मिठागरावर जन्म काढून आठ वर्षांपूर्वी गेले. मृणालचं लग्न जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनेही फारसं जमवलं नाही. ती गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. अंगाला रंग कोणीही मारतं, डोळे काढायला मात्र ठरलेला हात लागतो, आणि तिच्या हाताला पंचक्रोशीत मान होता.

कमळबाईंची एक रीत होती. सासूकडून आलेली. सकाळी उठलं की तोंडात पाण्याचा थेंब घ्यायच्या आधी त्या बांधावरच्या उघाडीपाशी जायच्या. बांधातलं ते दार. ओहोटीला त्यातून आतलं पाणी खाडीत उतरतं. तिथे उकिडवं बसून रात्रीचं स्वप्न त्या पाण्याला सांगायच्या आणि रिकाम्या मनाने चहाला परत यायच्या. भरती असली तर ओहोटी लागेपर्यंत उपाशी थांबायच्या, पण शिळं स्वप्न घरात ठेवायच्या नाहीत.

एका हिवाळ्यात मृणाल त्यांच्या मागोमाग गेली, आणि लाँचचं स्वप्न तिच्या कानावर पडलं. ती जागच्या जागी उभी राहिली. असलं सोनं रोज खाडीत जातंय? घरी येऊन तिने ते लिहून काढलं आणि कथांच्या एका ॲपवर टाकलं. नाव दिलं 'आईची सपनं'. संध्याकाळपर्यंत चारशे लोकांनी वाचलं. नाशिकच्या कोणा रचनाताईंनी लिहिलं, "भाकरीपाशी मी रडले." मृणालने ते वाक्य किती वेळा वाचलं, ते तिलाच ठाऊक. तिच्या हातच्या हजारो डोळ्यांनी आजवर तिच्याकडे पाहिलं होतं, पण कोणीतरी तिला पाहिलं असं वाटलं ते पहिल्यांदाच.

मग काय, गाडी सुसाट सुटली. होळीपर्यंत अकरा हजार वाचक झाले. रोज रात्री नऊला भाग यायचा, आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी विचारणा सुरू व्हायची, उद्याचं काय? उठल्या उठल्या मृणाल आईपुढे फोन धरायची. कमळबाई म्हणाल्या, "बाय, पान्याला सांगून येतंय आधी." त्यावर ही म्हणाली, "आये, पाण्याला सांगितलं काय नि फोनला सांगितलं काय, एकच." इथे मृणालचा राग येतो, पण तिच्या जागी आपण असतो तर वेगळं काय केलं असतं, कोण जाणे. कमळबाईंचं उघाडीवर जाणं बंद झालं.

इकडे कारखान्यातही हिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक डोळा काढायचा की लगेच फोन बघायचा. शेवटी एक मूर्ती अशी झाली की मालक चांगदेवशेठ तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. "मृणाल, हा देव भक्ताकडे बघतोय, का तुझ्या मोबाइलकडे?" सगळा कारखाना हसला. मृणालही हसली, आणि हसता हसता नवीन प्रतिक्रिया वाचली.

एक दिवस कमळबाई उठून म्हणाल्या, "आज काय न्हाय परला." मृणाल "असू दे" म्हणाली खरी, पण तिचा चेहरा पार उतरला. ती डबा न घेताच कामावर गेली. आईला ते दिसलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र कमळबाईंना रोज स्वप्न पडू लागलं, एक दिवस खाडा नाही. दोन महिने असे सुखात गेले. म्हणजे मृणालचे सुखात गेले.

त्यानंतर आलं ते झुंबराचं स्वप्न. मोठा बंगला, छताला झुंबर, गोल जिना, भरजरी शालूतली नवरी पाय घसरून पडते आणि वर उभी असलेली सासू हसते. मृणालला ते जरा परकं वाटलं, पण नऊ वाजत आले होते, तिने टाकून दिलं. सकाळी पाहते तर पहिलीच प्रतिक्रिया, "ताई, हे तर परवाच्या मालिकेत झालं. आईचं नाव पुढे करून चोरी?" खाली चाळीस जणांनी दुजोरा दिलेला. रचनाताईंनी एवढंच लिहिलं होतं, "वाईट वाटलं."

अर्धा दिवस टाकून मृणाल तणतणत घरी आली. कमळबाई ओटीवर सुपात सुका जवळा निवडत होत्या. दुपारच्या उन्हात त्यांचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते.

"आये, ते सपान तुला खरंच पडलं होतं?"

कमळबाईंचे हात थांबले. "न्हाय."

"आणि त्याआधीचं? केवड्यातल्या बाईचं?"

"ता पन न्हाय." त्या सुपाकडेच बघत होत्या. "होलीपासून येक पन न्हाय परला. रातभर परून परून जोरतंय. काल काय जुलंना, म्हनून टीवीतला सांगितला. बाय, तुजा त्वांड येवरासा झालेला मना बघवत न्हाय."

मृणालने आता कुठे आईच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. दोन महिने ही बाई झोपलेली नाही, आणि आपण रोज सकाळी तिच्या तोंडापुढे फोन धरतोय. आपल्याला साधं दिसलं कसं नाही? डोळ्यांवरच तर आपलं पोट चालतं.

"मग नाही म्हणायचं ना गं मला."

"तुला न्हाय कवा म्हनलंय?" कमळबाईंनी जवळ्यातला एक खडा काढून टाकला. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "झोपेचा काय न्हाय. पन तुजा बापूस येवाचा बंद झाला."

"बाबा?"

"पाटंला येवाचा सपनान. माज्या बाजूला बसाचा. बोलाचा न्हाय काय. अंगाला मिठाचा वास. आठ वरसां येत व्हता. ता सपान मी कवा पान्याला पन सांगला न्हाय, त्याला सोरायचा नव्हता मना." त्यांनी पदराने नाक पुसलं. "आता मी जागीच असतंय. येल कसा?"

मृणालला रडू आलं. पण त्याच्याही आधी, अगदी केसभर आधी, डोक्यात एक ओळ उमटली होती. 'बाबा येत नाहीत', भाग एकशेतीन. ह्याच्यावर अकरा हजारांचे वीस हजार झाले असते, चोरीचा आळही धुऊन निघाला असता. हे आपल्याला आत्ता, ह्या क्षणी सुचलं, याची तिला इतकी लाज वाटली की तिने आईकडे पाहिलंच नाही. फोन घेतला, आत गेली आणि तो तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवून दिला. मग बाहेर येऊन उरलेला जवळा तिने निवडला.

संध्याकाळी तिने वाचकांना चार ओळी लिहिल्या. झुंबर मालिकेतलंच आहे, चूक माझी आहे, आईची नाही. यापुढे भाग रविवारी येईल, तोही आईने आपणहून दिला तर. प्रतिक्रिया मी आठवड्यातून एकदा वाचेन. एवढं लिहून तिने ॲपचा आवाज बंद केला. पहिले काही दिवस बोटं आपोआप फोनकडे वळत. मग त्यांना कुंचल्याची सवय पुन्हा लागली आणि गणपती समोर बघू लागले.

कमळबाईंना झोप लागायला मात्र वेळ लागला. गेलेली झोप बोलावून येत नाही. आधी दुपारी अर्धा तास, मग रात्री थोडी. पुढे महिन्यात एखादं स्वप्न त्या स्वतःहून द्यायच्या, "हा घे, ह्या लिव." वाचक निम्म्याने गळाले. रचनाताई राहिल्या.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. शनिवार होता. खाडीवर धुकं इतकं की बांध कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मृणालचा चहा उकळून तयार झाला तरी कमळबाई उठल्या नव्हत्या. ती बघायला गेली, तर त्या अंथरुणात बसलेल्या, डोळे मिटून, अगदी स्थिर. शेजारची जागा त्यांनी तळहाताने सारखी केली. मग डोळे उघडले आणि मुलगी दारात उभी दिसली.

प्रश्न मृणालच्या ओठांवर येऊन थांबला.

"आज सांगन्यासारखा काय न्हाय," कमळबाई म्हणाल्या, आणि चक्क लाजल्या. अडुसष्ट वर्षांच्या बाईने तोंडावर पदर ओढून घेतला.

"नको सांगूस," मृणाल म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

त्या रविवारी भाग आला नाही.