बुडबुड्यांवर नजर

कोडोलीत कुणाची कळशी विहिरीत पडली, की लोक गळ शोधायच्या आधी बायडाबाईला शोधायचे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीपर्यंत असंच चालायचं. बायडाबाई नऊवारीचा कासोटा घट्ट मारायची, छाती भरून श्वास घ्यायची आणि सरळ तळाला जायची. काठावरच्या बायका आकडे मोजत. सत्तर, ऐंशी, नव्वद झाले की त्या वाकून पाण्यात बघू लागत. मग ही वर यायची. हातात कळशी असायची, कधी कुणाचं जोडवं, एकदा तर आकाराम सुताराचा रंधा. एवढा दम गावातल्या एकाही गड्याला नव्हता, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

नातीला पोहायला तिनंच शिकवलं. दर मे महिन्यात क्रांती शाहूपुरीतून कोडोलीला यायची. तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधून तिला विहिरीत सोडायचं आणि आपण पायरीवर बसायचं. पुढं भोपळा सुटला आणि पोरगी बुड्या मारायला लागली. तेव्हा बायडाबाई तोंडानं बायकांशी गप्पा मारायची, पण नजर पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांवरून हलायची नाही. बुडबुडे थांबले की उडी टाकायची, विचार करत बसायचं नाही, हा तिचा नियम.

त्याच क्रांतीनं आता चोविसाव्या वर्षी मालवणात स्कूबा डायव्हिंगची नोकरी धरली होती. त्यासाठी दोन वर्षं शिकली, परीक्षा दिल्या. आलेल्या माणसाच्या पाठीला हवेची टाकी लावायची, त्याला समुद्राखाली न्यायचं, मासे आणि प्रवाळ दाखवायचं आणि सुखरूप वर आणायचं, हे तिचं काम. तिच्या बापाला, विजयसिंहाला, ते काही पटत नव्हतं. शाहूपुरीत त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. तिथं बसूनच तो आईपुढं कुरकुरला.

"पावणं इचारत्यात, पोरगी काय करती? काय सांगू? पाण्यात असती म्हणून सांगू?" मग जरा थांबून म्हणाला, "आई, पाण्यातलं तुलाच कळतंय. तूच बघून ठरीव. तुला पटलं तर राहू दे तिला. न्हाय पटलं तर जाऊ त्याच गाडीत घालून घरी आणतो."

"मी काठावर बसून ठरवणार न्हाय," बायडाबाई म्हणाली. "आत जाणार."

वय सहासष्ट. विजयसिंहाला वाटलं, डॉक्टर अडवतील. डॉक्टरांनी हृदय, कान, फुप्फुसं सगळं तपासलं, दोनदा वय विचारलं आणि कागदावर सही करून दिली. फेब्रुवारीत गाडी राधानगरीवरून फोंडा घाट उतरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं होडीत होती.

बायडाबाईनं अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख चढवला. विजयसिंह मुद्दाम दुसरीकडं बघत होता.

"बघ की इकडं. कासोट्यापरीस बरं हाय हे. सुटायची भीती न्हाय," बायडाबाई म्हणाली, तसा होडी चालवणारा तांडेल खो खो हसला.

"आजी, तुमका भीती वाटणा नाय?" त्यानं विचारलं.

"पाण्याची? पाणीच मला भितंय, बाबा."

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याकडं निघाली. क्रांती हात करून एकेक जागा सांगत होती. "किल्ल्याच्या आडोशाला उथळ हाय. नवख्यांना तिथंच न्यायचं. त्याच्या पुढं प्रवाळ लई, पण पाय लावायचा न्हाय, मोडतंय. आन् तिकडं लांब, निवतीचे खडक. तिथं खोल हाय, पाण्याला ओढ बी हाय. वारं बघितल्याबिगर मी तिथं कुणाला नेत न्हाय, मालकांनी सांगितलं तरी."

बायडाबाई ऐकतच राहिली. गावच्या विहिरी ती स्वतः अशाच सांगायची. पाटलांच्या विहिरीला तळाशी कपार हाय, हात घालताना जपून. मळ्यातलीला गाळ. देवळामागची भर उन्हात गार, तिथं पोटऱ्यांना गोळे येत्यात. पोरीनं एवढा मोठा समुद्र विहीर-विहीर करून पाठ केला होता.

होडी थांबली. "आता ऐक," क्रांती म्हणाली. "एकच नियम. श्वास धरायचा न्हाय. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. हवा धरून वर आलीस तर फुप्फुसाला इजा हुती."

"कळलं की."

कळलं होतंही. पण पाण्यात उतरली, डोक्यावरून पाणी गेलं, आणि साठ वर्षांची सवय जागी झाली. बायडाबाईनं तोंडातल्या नळीतून छाती भरून हवा घेतली आणि गच्च धरली. दहा झाले. पंधरा झाले. म्हातारीचा दम अजून शाबूत हाय, बघू दे नातीला, असं तिच्या मनात आलं. वीस मोजणार तेवढ्यात क्रांतीनं तिचा दंड पकडला आणि पोटात बोट खुपसलं. भसकन हवा सुटली. मग क्रांतीनं तिला वर आणलं. हातभरच खोल होत्या दोघी.

"बुडबुडे कुठं गेले?" क्रांती ओरडली.

"अगं, दम बघत हुतो माझा. वीस झाले."

"हितं दमाची शर्यत न्हाय!"

"बास झालं!" विजयसिंह होडीतून वाकून म्हणाला. "चला वर दोघी. आणि म्हातारीवर वराडतीस व्हय गं? तिचं वय बघ जरा!"

लाटेवर होडी डुलत होती. बायडाबाई नातीच्या तोंडाकडं बघत राहिली. पोरीची नोकरी आता, ह्या घटकेला ठरणार होती. आजी म्हणून हिनं लाड केले आणि तसंच खाली नेलं, तर बायडाबाई तिला स्वतःच्या हातानं गाडीत बसवणार होती. बापाला भिऊन वर गेली, तरी बसवणार होती.

"पप्पा, तुमी गप बसा," क्रांती म्हणाली. आवाज आता चढलेला नव्हता. "पाण्यात मी सांगीन तसं. आजी, ही दोरी धर. हितंच, वरच्यावर, पन्नास श्वास घ्यायचे. मी मोजणार. एक जरी धरलास तर आज खाली न्हाय. आजी असलीस म्हणून सूट न्हाय."

जन्मभर बायडाबाईनं न घेतलेले श्वास मोजले होते. आता घेतलेले मोजायचे होते, आणि ते फार अवघड गेलं. प्रत्येक श्वास सोडताना कुणी तरी हातातली कळशी काढून घेतंय असं वाटायचं. एकतिसाव्याला पिवळ्या पट्ट्यांचा एक मासा थेट नाकासमोर आला. छाती आपोआप भरली, आणि धरणार तोच तिनं ती नेटानं मोकळी केली. पन्नास झाले. क्रांतीनं अंगठा खाली केला, म्हणजे आता उतरायचं.

मग ती उतरली. खडकांवर जांभळी, तपकिरी झाडं असावीत तसं काही तरी पसरलेलं होतं. त्यांच्यामधून मासे बाजाराच्या दिवशी माणसं जावीत तसे आपापल्या घाईत चालले होते. विहिरीच्या तळाला अंधार आणि गाळ. इथं ऊन तळापर्यंत आलं होतं. आणि कुठं जायची घाई नव्हती. इथं राहता येत होतं! आयुष्यात पहिल्यांदा ती तळाला थांबून नुसतं बघत होती.

हे सगळं दाखवायला तिनं मान वळवली. क्रांती माशांकडं बघत नव्हती. एका हातानं आजीचा पट्टा धरून ती वर जाणाऱ्या बुडबुड्यांकडं बघत होती, डोळे न हलवता. बायडाबाईनं ते डोळे ओळखले. विहिरीच्या पायरीवर बसून ती स्वतः असंच बघायची. पोरीला कुणी ते सांगितलं नव्हतं. तिनं पाण्यातून आजीला बघितलं असेल कधी तरी. बायडाबाईचा ऊर असा भरून आला की श्वास अडकतो की काय असं वाटलं. पण तिनं तो सोडला.

होडीत आल्यावर विजयसिंहानं आईला टॉवेल दिला आणि हळूच विचारलं, "मग? काय ठरलं?"

"गाडीत आपण दोघंच."

"आणि पावण्यांना काय सांगू?"

"सांग, साठ वर्षांची खोड पन्नास श्वासांत मोडती आमची पोरगी. बापाला बी गप बसवती." तिनं तोंड पुसलं. "आणि त्यांनाच इचार, तुमच्या पोराला पोहायला येतंय का म्हणावं."

तांडेल हसला. क्रांती टाक्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही, पण कान लाल झाले होते. विजयसिंहानं लेकीच्या हातातली जड टाकी स्वतः उचलली आणि विचारलं, "ही कुठं ठेवायची?"

"उद्या निवतीचे खडक बघू," बायडाबाई म्हणाली.

"न्हाय," क्रांती म्हणाली. "तिथं शिकल्याबिगर नेत न्हाय मी कुणाला."

"मग शिकीव की. मे महिना मोकळाच हाय माझा."