दवात कापलेला घास

“ताई, केसात गवत आहे तुमच्या,” भावजय म्हणाली.

ताईने आरशात न बघताच काडी काढून टाकली. स्वतःच्या लग्नाला निघालेल्या बाईच्या केसात त्या दिवशी तरी गवत नसावं, पण पहाटे उठून गाईंपुढे एक फेरी मारल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं. सवयीला औषध नसतं.

तिला सगळेच ताई म्हणत. भाऊ म्हणे म्हणून दूधवाला म्हणे, दूधवाला म्हणे म्हणून गुरांचा डॉक्टरही. आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचं शिक्षण होऊ दे, त्याचं लग्न होऊ दे, त्याची मुलगी जरा चालायला लागू दे, असं करत करत ताई चाऱ्यात अडकली ती अडकलीच. गोठा भावाचा, दूध भावाचं. पण ते दूध ज्यातून येतं तो मका, ती चवळी आणि तो लसूणघास तिच्या हातचा. पाहुणे आले की भाऊ कौतुकाने म्हणे, “ताईशिवाय इथलं पान हलत नाही.” पूर्वी तिला ते ऐकून बरं वाटायचं. हल्ली गळ्याला दावं लागल्यासारखं व्हायचं.

मग विहिरीवरचा पंप बिघडला आणि पंपवाला आला. बिघाड पहिल्याच दिवशी निघाला. पंपवाला मात्र येतच राहिला. विधुर माणूस, बोलायला सरळ. एकदा हात पुसत म्हणाला, “माझ्या घरी अंगण आहे, पण गुरं नाहीत. चालेल का?”

“गुरं नाहीत म्हणूनच चालेल,” ताई म्हणाली होती.

भावाने नाही म्हटलं नाही. “जा की ताई, तुला कोण अडवतंय?” म्हणाला, आणि जेवता जेवता त्याने विचारलं, “पण घास कोण कापणार?”

भावजय कापणार, असं न विचारताच ठरलं. ताईने तिला महिनाभर शिकवलं. लसूणघास दवात कापायचा नाही. आधी कोरडी वैरण टाकायची, मग घास, तोही सुकवून. ओला, कोवळा घास उपाशी पोटात गेला की गाय फुगते आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर मरते. भावजय मान हलवायची. हुशार मुलगी, एकदा सांगितलेलं विसरत नसे.

ताई पिशवी घेऊन फाटकापर्यंत पोहोचली. बाहेर पंपवाला गाडी पुसत उभा होता. कचेरीत लग्नाच्या नोंदणीची वेळ सकाळचीच मिळाली होती. तेवढ्यात गोठ्यातून भावाची हाक आली, “ताई, लवकर ये. पांढऱ्या कपाळाची बघ कशी करतेय.”

ताईने गाडीकडे पाहिलं. मग पिशवी भिंतीवर ठेवली आणि मागे वळली.

गाईची डावी कूस टम्म फुगली होती, जीभ बाहेर आली होती. ताईने नव्या कपड्यांनिशी तिला चढावर उभं केलं, तोंडात आडवी काठी बांधली, गोडेतेल पाजलं आणि कूस चोळत राहिली. पंपवाल्याने गाईचं डोकं वर धरलं. “पंपातही अशीच हवा अडकते,” तो म्हणाला. एरवी ताई हसली असती.

बऱ्याच वेळाने गाईने मोठा ढेकर दिला. भावाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “बघितलंस ना, ताई? तुझ्याशिवाय...” म्हणत तो डोळे पुसू लागला. त्याचं रडं खरं होतं, म्हणूनच ताईला तिथून पळून जावंसं वाटलं.

कचेरीची वेळ टळली होती. पंपवाल्याने हात धुतले. “उद्या?” त्याने विचारलं. ताई गाईच्या तोंडातली काठी सोडू लागली. तो जरा थांबला आणि निघून गेला.

ताईने गव्हाणीत हात घातला. घास ओलाच होता, खाली वैरणीची एक काडी नव्हती. भावजय हौदापाशी उभी होती.

“विसरलीस?”

“नाही ताई. विसरले नाही.” तिचा आवाज अगदी साधा होता. “थोडीशी फुगेल, तुम्ही थांबाल, एवढंच वाटलं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं.”

“अगं, मेली असती ती.”

“तुम्ही गेलात की हे सगळं माझ्या गळ्यात. तुम्हाला न्यायला कुणीतरी आलं. मला न्यायला कोण येणार?”

ताईचा हात उचलला गेला होता. ठेवून द्यावी असं तिला मनापासून वाटलं. पण भावजयीच्या तळहातांवर विळ्याचे ताजे फोड दिसले आणि उचललेल्या हाताचं काय करावं ते तिला कळेना. तिने त्या हाताने गव्हाण साफ केली.

भावाला तिने काही सांगितलं नाही. चार दिवसांनी तोच लसूणघासाचं बी घेऊन आला. मक्याचं शेत मोकळं झालं होतं. “पूर्ण शेतात टाक,” तो मायेने म्हणाला. “एकदा टाकला की तीन-चार वर्षं बघायला नको.”

सकाळी ताई टोपली घेऊन शेतात गेली. मागोमाग भावजय आली आणि न बोलता तिने अर्धं बी आपल्या ओटीत घेतलं. भाऊ बांधावर आला, टोपलीत डोकावला.

“ताई, हा ओट आणि वाटाणा दिसतोय. घासाचं बी कुठंय?”

“घरात आहे.”

“पण हा एका हंगामात संपेल.”

“संपू दे. एक कापणी गाईंना होईल, उरलेलं जमिनीत गाडायचं. तोवर मी आहे. पंपवाल्याला तसं कळवलंय.”

“आणि पुढे? ही एकटी काय करेल?”

“एकटी कशाला? तुला हात आहेत ना. उद्यापासून विळा घेऊन ये, घास कसा कापतात ते दाखवते. दव वाळल्यावर ये.”

“मी?” भाऊ हसला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. ती हसली नाही. मूठ भरून बी फेकत ती पुढे निघाली आणि तिच्या मागून ताई, पडलेलं बी पायाने मातीत झाकत.