गोठू न दिलेले पाणी

मार्लिस बर्फात कुशीवर आडवी होऊन हेअर ड्रायरने पाण्याच्या नळीला ऊब देत होती. मोटरहोमच्या, म्हणजे त्यांच्या चाकांवरच्या घराच्या, पोटाखाली वारा जरा कमी लागायचा, पण पाय बाहेरच राहायचे. त्यांना आता काही जाणवत नव्हते.

"आई, ऊठ ना तिथून," कार्ला दारातून म्हणाली. कार्ला ही तिची मुलगी. घर तिचे, अंगण तिचे आणि गाडीला वीज यायची तीही तिच्याच भिंतीवरून. "खालची खोली कधीची तयार आहे. गरम पाणी आहे. हवं तर दिवसभर नळ सोडून बसा."

"तुझ्या बाबांना सांग."

"सांगितलं. म्हणाले, आम्ही वाटेवर आहोत."

"मग आहोत वाटेवर," असे म्हणून मार्लिसने ड्रायर वीतभर पुढे सरकवला.

तिचा नवरा गॉर्डन याने जन्मभर धान्याच्या कोठारात नोकरी केली होती आणि मार्लिसने शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकून ही गाडी घेतली. दरवर्षी कापणी संपली की आपला सस्कॅचवान प्रांत सोडायचा, दूर दक्षिणेला ॲरिझोनाच्या उन्हात हिवाळा काढायचा आणि बर्फ वितळल्यावर परतायचे. यंदा निरोप घ्यायला कार्लाकडे दोन दिवस थांबले आणि तिथेच गॉर्डनचा श्वास अडकला. इस्पितळातून सुटल्यावर तो घरात न शिरता सरळ गाडीत चढला. प्राणवायूचे यंत्र मागाहून चढले. डॉक्टर म्हणत, पुढच्या तपासणीनंतर प्रवासाचे बघू. तपासण्या होत राहिल्या आणि थंडी उणे तिसावर आली.

असल्या थंडीसाठी ही गाडी बनवलेलीच नव्हती. मार्लिसने तिच्या पोटाभोवती थर्माकोलचे तक्ते लावले, वर बर्फ लोटला. पंपाच्या कप्प्यात एक दिवा सतत जळत ठेवला. नळीभोवती तापणारी तार गुंडाळली. सिंकखालची कपाटे उघडी ठेवायची, नळाची धार दोऱ्याएवढी चालू ठेवायची आणि झोप मोडली की ती धार ऐकू येते का बघायचे. आज सकाळी ती ऐकू आली नाही. तार जळून गेली होती.

बऱ्याच वेळाने आत नळ खोकला, थुंकला आणि वाहू लागला. मार्लिस गाडीचा आधार घेत उठली. आत जाऊन तिने त्याच पाण्याची कॉफी केली आणि मागच्या पलंगापाशी नेली.

"आलं?" गॉर्डनने विचारले. त्याच्या नाकात नळी होती.

"आलं."

"पंप घरघरतोय का?"

"तुझ्यापेक्षा कमी."

तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबला तेव्हा त्याचे लक्ष तिच्या हाताकडे गेले. बोटांची टोके पांढरी पडली होती. त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सावकाश चोळत राहिला.

"पाणी काढून टाक, मार्लिस."

"कुठलं?"

"सगळं."

पाणी काढायचे म्हणजे यंदाचा प्रवास सोडून, गाडी बंद करून घरात जायचे. कित्येक आठवडे ती याच वाक्याची वाट पाहत होती. ते ऐकल्यावर आपण काय म्हणायचे हेही तिने ठरवून ठेवले होते, काहीतरी शांत, गोड. पण तोंडातून निघाले ते वेगळेच.

"आत्ता? सकाळपासून बर्फात पडलेय मी, आत्ता कुठे आलंय ते. काल सांगता आलं नाही तुला?"

"काल अजून जायचं होतं मला, ॲरिझोनाला."

ती त्याची कॉफी उशाशी ठेवून परत बाहेर गेली.

गरम पाण्याच्या टाकीचे बूच काढल्यावर बर्फावर वाफ उठली. खालच्या दोन्ही झडपा उघडून तिने नळ्या रिकाम्या केल्या. मग पंपाची नळी न गोठणाऱ्या गुलाबी द्रवाच्या डब्यात सोडली आणि एकेक नळ उघडत गेली. गॉर्डन पलंगावरून सांगत होता, आधी थंड, मग गरम, शॉवर विसरू नकोस. तिला हे सगळे ठाऊक होते. तरी प्रत्येक वेळी ती "हो" म्हणत होती. नळातून आधी हवा, मग पाणी आणि मग गुलाबी धार यायची, की ती नळ बंद करायची. शेवटचा नळ पलंगाशेजारच्या न्हाणीतला होता. तो गॉर्डनने हात लांबवून स्वतः उघडला.

"झालं," तो म्हणाला.

पंप बंद केल्यावर गाडीत फक्त प्राणवायूच्या यंत्राचा आवाज उरला. मार्लिसने कार्लाला फोन केला. "येतोय आम्ही," एवढेच बोलली. मग गॉर्डनला कोट चढवला आणि सपाता पुढे केल्या.

"बूट दे," तो म्हणाला.

"अरे, अंगणच तर ओलांडायचंय."

"सपातांत नाही जायचा मी दुसऱ्याच्या घरी."

तिने पलंगाखालून बूट ओढून काढले आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. बोटांना नाडी धड सापडत नव्हती. एक गाठ बसली ती सुटली. तिने पुन्हा घातली. गॉर्डनने घाई केली नाही. खिडकीतून समोरचे दार दिसत होते. कार्ला ते सताड उघडे धरून उभी होती आणि घरातली ऊब पांढरी होऊन अंगणात येत होती.