फाटक्याचा कान

माझ्या लेकीची एक खोड मला डोळ्यांसमोर नकोशी होते. दुसऱ्याच्या हातात पेन्सिल दिसली की हिचे हात शिवशिवतात. पोर बिचारं जीभ बाहेर काढून कागदावर वाकलेलं असतं, आणि ही मागून येते. "थांब राजा, मी जरा हात फिरवते." हात फिरवते म्हणजे काय, तर त्याचं खोडते आणि आपलं काढते. कुणाला वाटावं मायेनं पाठीवरून हात फिरवतेय.

जावई नोकरीपायी लांब असतो, म्हणून लेक आणि नात माझ्याकडेच राहतात. पुढची खोली मीच दिली तिला, चित्रांच्या वर्गासाठी. चार-पाच वर्षांची पोरं यायची. गोंडस मांजर शिकवणं चाललं होतं. मोठा गोळा, छोटा गोळा, दोन त्रिकोण, शेपूट वळवा. पोरं पाढे म्हणावेत तसं ओरडत काढायची. तेवढं झालं की बाईसाहेब सगळ्यांचे कागद गोळा करणार आणि एकेका मांजराला टपोरे डोळे, मिशा आणि हसरं तोंड लावून देणार. आईबाप खूश! मी दुसरीत शाळा सोडलेली बाई, पण एका हाताची शिवण मला लांबून ओळखू येते. ती सगळी मांजरं एकाच बाईनं शिवलेली होती.

माझी नात त्याच वर्गात बसायची. भिंगरी म्हणतो आम्ही तिला, पायाला उसंत नाही म्हणून. तिलाही ताकीद होती, "वर्गात आई म्हणायचं नाही. टीचर म्हणायचं."

आमच्या मागच्या दारी एक बोका येतो. एक कान फाटलेला, एका डोळ्यातून पाणी गळतंय, आणि तोंड असं की सगळं जग त्याचं देणं लागतं. भिंगरी त्याला फाटक्या म्हणते. पायरीवर त्याच्यासमोर बसून तिनं त्याला कितीदा तरी काढला असेल. वर्गातही तिनं फाटक्याच काढला. फाटका कान, गळका डोळा, वाकडं तोंड. मी दारातून बघितला आणि मनात म्हटलं, मेला जसाच्या तसा उतरलाय.

लेकीनं तो कागद उचलून वर धरला.

"मुलांनो, मांजर असं असतं का?"

"नाहीऽऽ!"

"मग हे काय आहे?"

"उंदीर!" "भूत!" "टीचर, ते मेलेलं आहे!"

सगळी पोरं खिदळली. पोरांचं काय, ती कशालाही हसतात. पण त्यांच्याबरोबर ही हसली. पोटच्या पोरीकडे बघून हसली, आणि तो कागद उलटा करून तिच्यापुढे ठेवला. "आता नीट काढ."

भिंगरी रडली नाही. त्या दिवसापासून मागच्या पायरीवर मात्र गेली नाही. फाटक्या येऊन ओरडून जायचा. मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला तर म्हणाली, "आजी, मला येत नाही." मी रात्री लेकीला म्हटलं, "अगं, पोर चित्र काढेनाशी झालीय." तर मलाच शिकवते, "आई, पाया पक्का व्हायला हवा. तुला त्यातलं कळत नाही."

बरं. कळत नाही तर नाही.

मग आलं प्रदर्शन. पुढच्या खोलीत भिंतभर मांजरं टांगली, आईबापांना बोलावलं. आमची लेक नवी साडी नेसून मिरवत होती. एक जुळ्यांची आई भिंतीपुढे उभी राहून म्हणाली, "कमाल आहे हो. घरी आमच्या दोघांना साधा डोळा काढता येत नाही."

मला तेवढं पुरे होतं.

"मग आत्ता काढून दाखवतील की," मी म्हटलं. "सगळे बसलेच आहेत."

"आई, तू आत जा," लेक दात आवळून म्हणाली.

"माझ्या घरात मला आत जा म्हणतेस? वाट कागद."

पाहुण्यांसमोर बोलणार काय? कागद वाटले तिनं. पोरांनी सुरू केलं. मोठा गोळा, छोटा गोळा, दोन त्रिकोण, शेपूट वळवा. आईबाप कौतुकानं वाकून बघत होते. आणि मग एकेकानं पेन्सिल खाली ठेवली, हाताची घडी घातली. सगळ्या कागदांवर मांजरं, आणि एकालाही तोंड नाही.

"का रे, डोळे?" एका बापानं विचारलं.

"डोळे टीचर काढतात," त्याचा मुलगा म्हणाला. बापाला एवढंही कळत नाही, असा सूर.

खोलीत कुणी हसेना. जुळ्यांच्या आईनं भिंतीकडे बघितलं, मग लेकीकडे. लेकीचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी भिंगरीकडे वळले. म्हटलं, आता माझी पोर दाखवील सगळ्यांना.

तिच्या कागदावरही दोन गोळे. दोन कान, अगदी सारखे. मधे कोरं. ती उठली, तो कागद दोन्ही हातांनी आईपुढे धरला आणि म्हणाली, "टीचर, हात फिरवा ना."

लेकीच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. "भिंगरी, अगं, मी आई आहे ना," म्हणत ती खाली बसली. पोर कागद धरून तशीच उभी. पाहुणे चपला शोधायला लागले होते, पण मी थांबले नाही. ऐकू देत त्यांनाही.

"आता कशाला आई होतेस?" मी म्हटलं. "तुला पोर नको होती, विद्यार्थिनी हवी होती. ती मिळाली, घे. ही खोली उद्या रिकामी करायची. आणि तो कागद तिच्या हातातून घेशील तर याद राख! तोंड नाही त्याला, ते तसंच राहू दे. मी भिंतीवर लावणार आहे, तुझ्या अंथरुणासमोर."